जर्मन भाषेत आपली आणि दुसऱ्याची ओळख



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जर्मन भाषा’ हा विषय वाचून काही मित्रांनी मला रस्त्यात अडविले. ‘काय हो भाऊ, युनियन सोडून मास्तरकी कराले लागले का?’ असे त्यांचे म्हणणे. त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी भाषापंडित नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभे राहून आणि सुटीच्या दिवशी सीताबर्डीच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळून झाले. जर्मन भाषेच्या वाटेला मी गेलो तो माझ्या भाचीमुळे. तिने परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केला, जर्मनीला जाण्याचे मनात घेतले आणि घरी घोकंपट्टी सुरू केली. तिची उजळणी घेता घेता मामाच विद्यार्थी झाला. नंतर तिच्या मैत्रिणी आल्या, आयटीआयची मुले आली, आणि आता युनियनच्या कचेरीत रविवारी सकाळी आम्ही दहा-बाराजण ही भाषा घोटत बसतो. त्या वर्गात पहिले तीन-चार रविवार जे होते तेवढेच आज सांगणार आहे: स्वतःची ओळख कशी करून द्यावी, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाची कशी करून द्यावी.

हा विषय आजच का, तेही सांगतो. ५ डिसेंबर २०२२ रोजी भारत व जर्मनी यांच्यात कामगारांच्या व विद्यार्थ्यांच्या ये-जा करण्यासंबंधी करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग ह्या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि पहिल्या टप्प्याला दहा हजार हा आकडा जाहीर झाला. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट; मुंबईशी त्या शहराचे भगिनीनाते १९६८ पासूनचे आहे. २०२४ च्याच ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाकाठी द्यावयाच्या व्हिसांची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले. असे आकडे वर्तमानपत्रांत आले की पाठोपाठ विजेच्या खांबांवर पाट्या येतात. ‘तीन महिन्यांत जर्मन, सहा महिन्यांत जर्मनी’ अशी पाटी मी नागपुरात डोळ्यांनी पाहिली आहे. अशा एका पाटीखाली आमच्या ओळखीच्या चार मुलांनी पैसे भरले. वर्ग महिनाभर चालला, मग दाराला कुलूप. ती मुले माझ्याकडे आली तेव्हा मी आधी विचारले, ‘काय शिकलात ते म्हणून दाखवा.’ चौघांनीही एकाच चालीत, बालवाडीतल्या कवितेसारखी, आपापली ओळख म्हणून दाखविली. मध्येच थांबवून एक साधा प्रश्न विचारला तर चौघेही गप्प.

ओळख पाठ करून भागत नाही ते असे. जर्मनच्या सगळ्यांत खालच्या परीक्षेला ए-एक म्हणतात. तिच्या तोंडी भागात उमेदवारापुढे एक चिठ्ठी ठेवतात. तिच्यावर सात शब्द असतात: नामं, आल्टर, लांट, वोनऑर्ट, श्प्राखन, बेरूफ, हॉबी. म्हणजे नाव, वय, देश, राहण्याचे गाव, भाषा, व्यवसाय, छंद. ह्यांच्या आधाराने आपली ओळख सांगावयाची. येथवर पाठांतर चालते. पण लगेच परीक्षक म्हणतो, ‘आता तुमच्या आडनावाची अक्षरे सांगा,’ आणि मग, ‘तुमचा दूरध्वनी क्रमांक सांगा.’ येथे पोपटपंची उघडी पडते.

तेव्हा नावापासून सुरुवात करू. ‘इश् हायसं मेश्राम’ म्हणजे माझे नाव मेश्राम. ‘इश्’ म्हणजे मी. त्याच्या शेवटचा उच्चार खरे तर ‘श’ नाही आणि ‘ख’ही नाही, आपण ‘ह्या’ म्हणतो तेव्हा जिभेवरून जी हवा घसरते तिच्यावरच थांबावयाचे. लिहिण्याच्या सोयीसाठी मी ‘श्’ लिहितो. ‘हायसं’चा शेवट आपल्या बोलण्यातल्या ‘माझं, तुझं’सारखा करावा, मात्र नाकातून नव्हे. हे क्रियापद मोठे गमतीचे आहे. त्याचा अर्थ ‘अमुक नावाने ओळखले जाणे’. त्यासाठी मराठीत एकच एक शब्द सापडत नाही. ज्याला ते जड जाईल त्याने ‘माइन नामं इस्ट मेश्राम’ म्हणावे. हे तर आपल्या घरचेच वाटते: ‘नामं’ म्हणजे नाम, ‘इस्ट’ म्हणजे संस्कृतातले अस्ति. त्यांचा ब्रूडर आपला भ्राता, त्यांची मुटर आपली माता. फार जुन्या काळी दोन्ही भाषांचे घराणे एक होते, म्हणून ही साम्ये उरली आहेत.

आता अक्षरे. आमच्या वर्गातल्या एका मेश्रामाने एका संस्थेला फोनवर आपले नाव सांगितले ते इंग्रजी अक्षरांनी: एम, ई, एस, एच, आर, ए, एम. तिकडून छापील पत्र आले ते कुणा ‘मिसरेम’च्या नावाने! चूक तिकडच्या बाईची नव्हती. जर्मन माणूस पहिल्या स्वराला ‘आ’ म्हणतो. ‘ए’ म्हटले की इंग्रजीतले ई लिहितो, आणि ‘ई’ म्हटले की आय लिहितो. इंग्रजी एच त्याच्या कानी अक्षर म्हणून पोहोचतच नाही, कारण तो त्याला ‘हा’ म्हणतो. मेश्रामने सांगावयास हवे होते: एम, ए, एस, हा, एर, आ, एम. इंग्रजी जी ला ‘गे’ म्हणतात, जे ला ‘योट’, व्ही ला ‘फाउ’, डब्ल्यू ला ‘वे’, वाय ला ‘इप्सिलोन’ आणि झेड ला ‘त्सेट’. ह्यातून आपल्या आडनावांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. जाधव कागदावर वाचून दाखवा म्हटले तर जर्मन माणूस ‘यादाफ’ म्हणेल. झाडे होतील ‘त्साडं’. सुनीता होईल ‘झुनीटा’, कारण शब्दाच्या आरंभी एस आला आणि पुढे स्वर असला की ते ‘झ’सारखा घुमवतात. वासनिक आणि वानखेडे मात्र सुखात राहतील. आपण डब्ल्यू लिहून ‘व’ म्हणतो तसेच तेही म्हणतात. ह्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. तो आपल्या लिपीचे नियम पाळतो. आपण एकदा स्वच्छ उच्चारून दाखवावे, अक्षरे सांगावी, आणि कागदावर बरोबर उतरले की नाही ते पाहावे. नाव चुकले की पासपोर्ट, करार आणि पगाराचा कागद तीन वेगळ्या माणसांचे होतात.

एक गोष्ट येथेच. आपल्याकडे नावाचे तीन भाग असतात: आपले, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. त्यांच्या छापील अर्जात दोनच रकाने: फोरनामं म्हणजे स्वतःचे नाव, आणि नाखनामं म्हणजे आडनाव. वडिलांच्या नावाला तेथे घर नाही. पासपोर्टवर ते स्वतःच्या नावाच्या ओळीत असले तर अर्जातही तेथेच लिहावे. स्वतःच्या मनाने इकडचे तिकडे करू नये.

माझे एक ठाम मत झाले आहे, ते पटले तर घ्यावे. आपली मुले जर्मन शिकतात ती इंग्रजीच्या जिन्याने चढून, आणि पडतात तीही त्याच जिन्यावरून. मराठीतून सरळ गेले तर वाट पुष्कळ ठिकाणी सोपी आहे. आपला च दोन प्रकारचा: ‘चार’मधला एक आणि ‘चाक’मधला एक. इंग्रजी शाळेतल्या मुलाला जर्मन झेड शिकवताना मास्तर घामाघूम होतो; आपण ‘चाक’मधला च लावला की झाले. जर्मन नामांना तीन लिंगे आहेत, आपल्यालाही तीन. तो टेबल की ते टेबल ह्यावर आपण वाद घालतोच, मग त्यांचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी असली तर घाबरण्याचे काय कारण? ‘मी वेल्डर आहे’ म्हणताना आपण मध्ये काही घालत नाही. ते म्हणतात ‘इश् बिन श्वाइसर’, तेही काही घालत नाहीत. इंग्रजीची सवय झालेला तेवढा मध्ये ‘एक’ घुसडतो. ‘मी दहा वर्षांपासून काम करतो’ हे वाक्य आपण वर्तमानकाळात बोलतो. जर्मनही तसेच: ‘इश् आर्बाइटं झाइट त्सेन यारन’. इंग्रजीच्या वाटेने जाणारा येथे भूतकाळाच्या चिखलात रुततो. आणि ‘कारण’ सांगताना तर मजाच आहे. ‘वाइल’ म्हणजे कारण. तो शब्द आला की क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते: ‘वाइल इश् इन नागपूर आर्बाइटं’, कारण मी नागपुरात काम करतो. शब्दाला शब्द लावून पाहा. साध्या वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागेवर बसते, एवढे ध्यानात ठेवावे लागते.

वय सांगण्याच्या बाबतीत तर आपण त्यांचे चुलतभाऊ आहोत. ‘इश् बिन फ्यून्फ-उंट-त्स्वान्त्सिश् यारं आल्ट’, म्हणजे मी पंचवीस वर्षांचा आहे. ‘फ्यून्फ’ पाच, ‘उंट’ आणि, ‘त्स्वान्त्सिश्’ वीस. पाच-आणि-वीस. आपणही पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस मागून म्हणतो. तेवीसमध्ये तीन आधी येतात. इंग्रजीतून ऐकणारा पाच ऐकून आधी पाच लिहितो आणि त्याचे बावन्न होतात. टेलिफोनचा आकडा उतरवून घेताना ही चूक शंभरदा होते. मराठी कानाने ऐकावे. फक्त आपल्या एकोणतीसला तेथे थारा नाही. ते नऊ-आणि-वीस असे सरळ म्हणतात.

आता ‘कोठला?’ ह्या प्रश्नाकडे येऊ. ‘वोहेर कॉमन झी?’ म्हणजे आपण कोठून आलात. उत्तर: ‘इश् कॉमं आउस इंडिएन, आउस नागपूर.’ आणि राहण्याचे गाव निराळे असेल तर ‘इश् वोनं इन श्टुटगार्ट’. नागपूर कोठे, असे समोरच्याने विचारले तर आम्ही वर्गात एक वाक्य बसविले आहे: ‘नागपूर लीक्ट इन डेर मिटं फॉन इंडिएन’, नागपूर भारताच्या मध्यभागी आहे. शून्य मैलाचा दगड ज्याने पाहिला आहे त्याला हे वाक्य पाठ करावे लागत नाही.

परंतु ह्या प्रश्नाशी मी वर्गात जरा जास्त थांबतो. आपल्याकडे ओळख विचारणे हे नेहमीच भोळेपणाचे असते असे नाही. ‘नाव काय?’ ‘सुनील.’ ‘पूर्ण नाव?’ मग आडनाव. आडनावाने समाधान झाले नाही तर, ‘गाव कोणते जी? घर कोठे?’ विचारणाऱ्याला काय हवे आहे ते विचारणारा जाणतो आणि सांगणाराही जाणतो. भाड्याची खोली पाहताना हा प्रसंग आमच्या कित्येक मुलांवर आलेला आहे. ‘वी हायसन झी?’ ह्या प्रश्नात तेवढा फास नाही. जर्मन माणसाला मेश्राम आणि जोशी ह्यांत फरक दिसत नाही. दोघेही त्याला सारखेच उच्चारावयास अवघड. पण म्हणून तिकडे सगळे मोकळे आहे असेही समजू नये. तेथे ‘वोहेर’ हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. तेथेच जन्मलेल्या सावळ्या मुलालाही ‘पण खरे कोठले?’ असे विचारतात, आणि त्याला ते बोचते. शिवाय तेथील आपल्या देशबांधवांत कुणी आडनाव उकरून काढणार नाही, अशी हमी मी कुणाला देत नाही.

नागपुरात उभे राहून हा विषय बोलताना बाबासाहेबांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी सर्वांना माहीत आहे. जर्मनीतले बॉन विद्यापीठ फार थोड्यांना माहीत असते. लंडनला शिकत असताना बाबासाहेबांनी बॉनला प्रवेश मिळविण्यासाठी जर्मन भाषेत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिले आणि १९२२ साली तेथे नाव नोंदविले. तेथे ते फार काळ राहिले नाहीत. पुढच्या वर्षी मुंबईला परतले. पण अर्जासोबत जोडावयाच्या आत्मवृत्ताला जर्मनमध्ये जो शब्द आहे तो ऐका: ‘लेबन्सलाउफ’. लेबन म्हणजे जीवन, लाउफ म्हणजे धाव. नोकरीच्या प्रत्येक अर्जाला आजही हा कागद लागतो. आमच्या वर्गातली मुले जेव्हा आपल्या धावेचा कागद लिहिताना पेन चावत बसतात तेव्हा मी त्यांना सांगतो की शंभर वर्षांपूर्वी ज्याला आपल्या गावच्या शाळेत वेगळे बसावे लागले होते त्या माणसाने ही भाषा शिकून त्यांच्या विद्यापीठाला पत्र धाडले. मग पेन जरा पुढे सरकतो.

भाषांच्या रकान्यात आपली मुले उगीच लाजतात. ‘इश् श्प्रेशं’ म्हणजे मी बोलतो. एक मुलगा फक्त ‘इंग्लिश’ म्हणून थांबला; त्याची इंग्रजी माझ्यासारखीच, तुटकी. मी विचारले, ‘घरी काय बोलता?’ ‘गोंडी.’ ‘शाळेत?’ ‘मराठी.’ ‘कामावर?’ ‘हिंदी, अन् ठेकेदाराशी थोडी छत्तीसगढी.’ चार भाषा खिशात असून तो खिसा झाकून बसला होता. आता तो सर्व सांगतो आणि शेवटी जोडतो: ‘उंट आइन बिस्शन डॉइच’, आणि थोडीशी जर्मन.

व्यवसायाचा रकाना हा माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तेथे पगार आहे. ‘वास झिंट झी फॉन बेरूफ?’ आपला व्यवसाय काय? आपल्याकडे माणूस नम्रतेने म्हणतो, ‘काही नाही जी, कंपनीत हेल्पर आहे.’ तो बारा वर्षे फिटरचे काम करीत असतो, पण हजेरीपटावर हेल्पर म्हणून लावलेला असतो, आणि त्यालाही तीच सवय होऊन जाते. हे नम्रपण जर्मनमध्ये महागात पडते. ‘हेल्फर’ म्हणजे अकुशल मदतनीस. ‘फाखक्राफ्ट’ म्हणजे धंद्याचे शिक्षण घेतलेला कुशल कामगार. ते लोक धंद्याच्या शिक्षणाला फार मानतात. ‘इश् बिन गेलर्न्टर श्लॉसर’, म्हणजे मी रीतसर शिकलेला फिटर आहे, ह्या वाक्याला तेथे वजन आहे. त्यांच्या सामूहिक वेतनकरारांत वेतनाचे गट पाडलेले असतात आणि कामाच्या दर्जावर माणूस कोणत्या गटात बसावयाचा ते ठरते. मुलाखतीत स्वतःला हेल्फर म्हणविले आणि करारावर तोच शब्द आला, तर नंतर मी येथून कितीही आरडाओरड केली तरी उपयोग नाही. म्हणून आयटीआयचा दाखला ज्या धंद्याचा, तोच शब्द जिभेवर ठेवावा. पण न शिकलेले शिकलो म्हणून सांगू नये. ते कागद तपासतात.

परिचारिकांचे थोडे निराळे आहे. पूर्वीचा शब्द ‘क्रांकनश्वेस्टर’, म्हणजे रुग्णांची बहीण. आपण इस्पितळात ‘सिस्टर’ म्हणतो तसेच. २०२० च्या आरंभापासून तेथे नवा कायदा लागू आहे आणि अधिकृत पदनाम ‘प्फ्लेगंफाखफ्राउ’, पुरुषासाठी ‘प्फ्लेगंफाखमान’ असे झाले. माझ्या भाचीला हा शब्द पाठ करावयास आठवडा लागला. पण तिला नवा शब्द आवडतो. ‘मी कुणाची बहीण म्हणून नाही, शिकून लागणार आहे मामा,’ असे ती म्हणाली. मात्र हे पदनाम लावण्यासाठी आपली पदवी तेथे मान्य करून घ्यावी लागते आणि भाषाही ए-एकच्या पुष्कळ वर, सामान्यतः बी-दोनपर्यंत, न्यावी लागते. ‘तीन महिन्यांत’ची पाटी हे सांगत नाही.

आता दुसऱ्याची ओळख. ‘डास इस्ट हेर वानखेडे’, हे श्री. वानखेडे. ‘डास इस्ट फ्राउ उईके’, ह्या श्रीमती उईके. हेर आणि फ्राउ हे नेहमी आडनावाला लावावयाचे. ‘हेर सुनील’ म्हटले की ते कानाला खटकते. आपल्या भाऊ, दादा, ताई, साहेब ह्यांना तेथे जागा नाही. सुपरवायझर झाला तरी तो हेर म्युलर, आणि त्याच्या दृष्टीने तुम्हीही हेर वानखेडे. पुढे ‘एर हाय्स्ट’ म्हणजे त्याचे नाव, ‘झी हाय्स्ट’ म्हणजे तिचे नाव. ‘झी’ हा शब्द जरा खोडकर आहे: ती, ते सर्व आणि आपण, असे तिन्ही अर्थ त्याचेच, लिहिताना आदरार्थी ‘झी’चे पहिले अक्षर मोठे काढतात आणि बाकीचे क्रियापदावरून कळते.

‘माझा, माझी’ हा भेद आपल्याला सांगावा लागत नाही: ‘माइन कोलेगं’ माझा सहकारी, ‘माइनं कोलेगिन’ माझी सहकारीण. हा ‘इन’ पाहिला की मला आपली माळीण, तेलीण, मास्तरीण आठवते. आपला ‘ईण’ आणि त्यांचा ‘इन’ एकच काम करतात: श्वाइसर वेल्डर, श्वाइसरिन वेल्डर बाई. एका ठिकाणी मात्र सांभाळावे. ‘फ्रॉइंट’ म्हणजे मित्र. पण मुलीने कुणाकडे बोट दाखवून ‘माइन फ्रॉइंट’ म्हटले की त्याचा अर्थ प्रियकर होतो. मुलाने ‘माइनं फ्रॉइंडिन’ म्हटले तरी तेच. साधी मैत्री सांगावयाची तर ‘आइन फ्रॉइंट फॉन मिर’, माझ्या मित्रांपैकी एक, असे म्हणावे. आमच्या वर्गात ह्यावरून एकदा असा हशा झाला की खालचा चहावाला वर आला.

‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे आपण. अनोळखी मोठ्या माणसाला ‘झी’ म्हणावे. कारखान्यात कामगार आपसांत ‘डू’ म्हणतात, ते प्रेमाचे. पण सुरुवात वडीलधाऱ्याने किंवा जुन्या माणसाने करावयाची असते. एकतर्फी ‘डू’ हे प्रेम नव्हे. मला ह्याची जाणीव जुना इतिहास वाचताना झाली. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार नेले. त्यांना ‘गास्टआर्बाइटर’ म्हणत, पाहुणे कामगार. पाहुण्याला भाषा शिकविण्याची कुणाला गरज वाटली नाही, कारण तो परत जाणार होता. मुकादम त्याला सर्रास ‘डू’ म्हणे आणि त्याने मात्र उलट ‘झी’ म्हणावयाचे. १९७३ च्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात सुटीवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे तुर्की कामगारांना काढून टाकले, त्यावरून संप झाला. जर्मन कामगार बहुतांशी बाजूला राहिले आणि संप आठवड्याभरात मोडला. मी संप पाहिलेला माणूस आहे. बाजूच्या मशीनवरचा माणूस आपल्याला नावाने ओळखत नसेल तर तो आपल्यासाठी थांबत नाही, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. माझे वडील गिरणीत होते. गिरणीतली त्यांची ओळख म्हणजे बिल्ल्यावरचा नंबर, पण खात्यातला प्रत्येक जण त्यांना नावाने हाक मारीत असे, आणि युनियन त्या हाकेवर उभी होती.

ग्युंटर वालराफ नावाचा एक जर्मन पत्रकार आहे. त्याने काळे केस लावले, तुटकी जर्मन बोलू लागला, आणि ‘माझे नाव अली’ अशी ओळख सांगून कामे धरली. १९८५ मध्ये त्याने हे अनुभव ‘गांत्स उंटन’ म्हणजे ‘अगदी तळाशी’ ह्या पुस्तकात छापले. माणूस तोच, नाव आणि बोली बदलली, एवढ्यावरून त्याला काय काय सोसावे लागले ते वाचून जर्मनी हादरली. ओळखीच्या एका वाक्यात किती काही असते ह्याचा त्याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

निघण्यापूर्वीची एक गोष्ट: परदेशी नोकरीसाठी माणसे नेणाऱ्या एजंटाने आपल्याला ओळख विचारण्याआधी आपण त्याला विचारावी. १९८३ च्या कायद्याने भरतीचा धंदा करावयास केंद्र सरकारचा परवाना आवश्यक केला. परवाना दाखवा म्हटल्यावर जो रागावतो त्याच्याकडून जर्मन शिकू नये.

आणि पोहोचल्यानंतर, कामाच्या पहिल्या दिवशी. खोलीत शिरताना ‘गूटन टाक’, हात पुढे करावा, आडनाव सांगावे, आणि ‘इश् बिन नॉय हिअर’, मी येथे नवा आहे. समोरचा आपले नाव सांगेल. त्यावर ‘फ्रॉइट मिश्’, आनंद झाला. फोन उचलला तर ‘हॅलो’ऐवजी आडनाव सांगण्याची तेथे जुनी रीत आहे. चहाच्या सुटीत आणखी एक प्रश्न विचारावा, तो आम्ही वर्गात सगळ्यांत जास्त घोटतो: ‘वेर इस्ट हिअर इम बेट्रीब्सराट?’ बेट्रीब्सराट म्हणजे कारखान्यातील कामगारांनी निवडलेली समिती. ती युनियन नव्हे. युनियन बाहेर असते, धातुकामगारांची इगे मेटाल, सेवाक्षेत्रातली फेर्डी. पण पाच किंवा अधिक कायम कामगार असतील तेथे अशी समिती निवडता येते, आणि १९७२ च्या कायद्यापासून परदेशी कामगारालाही तीत निवडून येता येते. उत्तरादाखल जे नाव कानी पडेल ते वहीत लिहून घ्यावे. नीट कळले नाही तर संकोच करू नये. आपल्याला परीक्षेत जे विचारले होते तेच आता आपण त्याला म्हणावे: ‘बूखश्टाबीरन झी बिटं’, कृपया अक्षरे सांगा.